आधी उलटा फेरा

प्लग उडाला तेव्हा मला वाटलं, टायर फुटला.

रंकाळ्याच्या कडेनं आप्पांची येझदी घेऊन फुलेवाडीकडं निघालो होतो. बऱ्याच वर्षांनी गाडी रस्त्यावर आली होती आणि मी तिला जरा मोकळं सोडलं होतं. फाट्‌कन आवाज झाला, इंजिन मेलं, गाडी आपल्या वेगानं थोडी घरंगळली आणि थांबली. दोन्ही टायर बघितले, ठीक होते. मग खाली वाकलो. प्लग हेडमध्ये नव्हता. टोपीसकट तारेला लोंबकळत होता आणि त्याच्या अंगाला चंदेरी धातूचं एक वेटोळं गुंडाळलेलं होतं, पेन्सिलला टोक केल्यावर निघतं तसं. गार झाल्यावर नखानं ओढलं तर ते अख्खं सुटून आलं. हेडमधले आटेच प्लगबरोबर बाहेर आले होते.

ते वेटोळं तळहातावर घेऊन मी कठड्यावर बसलो. हे काम आजचं नव्हतं. माझंच होतं, 1993 सालच्या जुलैमधलं.

आप्पा, म्हणजे माझे वडील, शाहूवाडी तालुक्यात गुरांचे डॉक्टर होते. 1975 साली त्यांनी ही गाडी घेतली. मलकापूर, बांबवडे, आंबा घाटाच्या तोंडाशी असलेल्या वाड्यावस्त्या, सगळं तिच्यावरच. या टू-स्ट्रोक गाडीत पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं लागतं. ते ऑइल पेट्रोलबरोबर जळतं आणि पूर्ण जळत नाही म्हणून प्लगवर काजळी धरते. पावसात, चढावर, कमी वेगात तर हमखास. मग रस्त्याकडेला थांबायचं, प्लग काढायचा, तारेच्या ब्रशनं नाहीतर पॉलिश पेपरनं घासायचा, परत लावायचा. आप्पांच्या डिक्कीत इंजेक्शनच्या सिरिंजबरोबर प्लगचा पाना कायम असायचा आणि सदऱ्याच्या खिशात एक कोरा मायको प्लग. गाभण म्हशीला अडलंय म्हणून माणूस बोलवायला आलेला असायचा, पाऊस धो धो पडत असायचा, पण प्लग लावताना हा माणूस घाई करायचा नाही. पाना बाजूला ठेवायचा. प्लग बोटांत धरून भोकावर टेकवायचा आणि आधी उलटा फिरवायचा. डावीकडं, सावकाश. कुठंतरी एक बारीक टक् जाणवायचं. मग तिथून सुलटा. दोन-तीन फेरे नुसत्या बोटांनी. ते मऊ गेले तरच पाना.

मी बारावीत होतो. कळे गावाच्या पुढं पावसात गाडी बंद पडली. प्लग काढला, बनियनला पुसला आणि पाना लावूनच परत बसवायला घेतला. पहिलाच फेरा जड गेला. आटा वाकडा चढतोय हे हाताला कळलं होतं, हे मी आज कबूल करतो. कळूनही जोर लावला. थोडा कुरकुरला आणि बसला. गाडी सुरू झाली. घरी गेल्यावर काही बोललो नाही.

आटा म्हणजे काय, हे त्या वयात कुणी विचारलं असतं तर स्क्रूवरच्या रेघा असं सांगितलं असतं. आपल्याकडं जुना शब्द आहे, मळसूत्र. मळसूत्री जिना आपण म्हणतो, तोच आकार. चढण दांड्याभोवती गुंडाळली की मळसूत्र होतं. फेरा पूर्ण केला की एक पायरी वर किंवा खाली. प्लगचा आटा 14 मिलिमीटरचा, पायरी 1.25 मिलिमीटरची. येझदीच्या प्लगचं आट्याचं अंग 12.7 मिलिमीटर लांब, म्हणजे जेमतेम दहा वेटोळी. या दहा वेटोळ्यांच्या भरवशावर सिलिंडरमधला प्रत्येक स्फोट आत कोंडून राहतो, मिनिटाला हजारो वेळा.

आणि ही दहा वेटोळी भार सारखा वाटून घेत नाहीत, ही गोष्ट मला फार उशिरा समजली. कुठलाही नट-बोल्ट आवळला की ज्या बाजूनं तो आवळला जातो तिकडचा पहिला आटा सगळ्यात जास्त ताण घेतो, ढोबळमानानं एकतृतीयांश. दुसरा त्याहून कमी, तिसरा आणखी कमी. शेवटचे तर बरेचसे सोबतीला असतात. म्हणजे प्लगच्या भोकात तोंडाशी असलेले आटे हेच खरे राबणारे. वाकडा प्लग घातला की नेमके तेच मरतात. मी जे दोन आटे खाल्ले ते या घरातले कर्ते आटे होते. त्यांचं ओझं मागच्यांवर पडलं आणि मागचे दर खेपेला थोडे थोडे झिजत आले. शिवाय हेड ॲल्युमिनियमचं, प्लगचं अंग पोलादाचं. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं. गरम इंजिनमधून प्लग काढला की मऊ धातू थोडा ओरबाडून येतो. रस्त्यावर बंद पडलेल्या गाडीचा प्लग कोण गार होऊ देतं?

हेड घेऊन उद्यमनगरला गेलो. कोल्हापूरच्या माणसाला काहीही मोडलं की पाय तिकडंच वळतात. फौंड्रीचा वास, लेथची घरघर, दारात लोखंडाच्या किसाची वेटोळी साठलेली. या गल्ल्यांनी अख्ख्या मुलखाला ऑइल इंजिनं पुरवली. नदीकाठच्या मळ्यांत फक् फक् करणारी कितीतरी इंजिनं इथं ओतली, कातली गेली. मिस्त्री सत्तरीचे असतील. मी हेडचे चार नट खोलून ते रॉकेलनं धुऊन आणलं होतं. आप्पाही बरोबर आले होते. एक्क्याऐंशी वर्षांचे, हात कापतो, पण गाडीचं हेड सुटलंय म्हटल्यावर घरात बसेनात.

मिस्त्रींनी हेड उजेडाकडं धरलं, करंगळी भोकात घालून फिरवली.

"तोंडाचं आटं लई जुनं गेल्यात," ते म्हणाले. "ही आताची जखम न्हाई. कुणीतरी कवातरी वाकडा घातलाय. त्येच्यावर हितनं पुढं वडत आणलंय गाडीनं."

मी आप्पांकडं बघितलं नाही. आप्पाच म्हणाले, "त्र्याण्णव साली. पावसाळ्यात."

म्हणजे त्यांना माहीत होतं. त्या पावसाळ्यानंतर त्यांनी मला प्लगला हात लावू दिला नव्हता. मी म्हणायचो, द्या मी काढतो, तर म्हणायचे, राहू दे, हात काळे होतील. मला वाटायचं, अभ्यास सोडून मी गाडीच्या नादी लागू नये म्हणून. खरं तर ते उरलेले आटे सांभाळत होते. नोकरीतून सुटेपर्यंत आणि नंतर गाडी पडवीत ताडपत्रीखाली उभी राहीपर्यंत प्रत्येक वेळी गार इंजिनवर, बोटांनी, उलटा फेरा देऊन त्यांनी त्या मरत्या आट्यांवर गाडी चालवली. आणि मी बाहेर काढून एका संध्याकाळीत संपवली.

"नवीन हेड मिळेल की," शेजारच्या लेथवरचा पोरगा म्हणाला. मिळतात. जुन्या येझदीची नवी बनवलेली हेडं बाजारात आहेत, स्वस्तही आहेत. जुन्या गाड्यांच्या शौकिनांत यावर बरीच भांडणं होतात. काहींना भोकात बुश, म्हणजे आतबाहेर आटे असलेली धातूची नळी, घातलेलं हेड म्हणजे बाटलेलं वाटतं. मला तसं वाटत नाही. म्हैसूरच्या कारखान्यात ओतलेलं हेड दुरुस्त होऊन गाडीवर राहावं, हे त्याच्या जागी अनोळखी साच्यातलं चकचकीत हेड बसवण्यापेक्षा मला जास्त खरं वाटतं. तो कारखाना 1996 सालीच बंद झाला. 1961 पासून तिथं जावा बनत होती, झेकोस्लोव्हाकियाच्या परवान्यावर, म्हैसूरच्या महाराजांच्या पाठबळानं, इराणी कुटुंबाच्या हाताखाली. 1973 नंतर तिचंच नाव येझदी झालं. आता उरल्यात त्या उरल्यात. जे ओतीव आहे ते परत ओतता येणार नाही, त्यातलं जेवढं वाचेल तेवढं वाचवावं.

मिस्त्रींनी तीन वाटा सांगितल्या. एक, भोक आर्गॉन वेल्डिंगनं बुजवून नव्यानं आटे मारायचे. हेड खूप तापतं, वाकायची भीती. दुसरी, कॉइल. पोलादी तारेची स्प्रिंग असते, तिच्या तारेचाच छेद चौकटच्या पत्त्यावरच्या खुणेसारखा, म्हणजे आतूनही आटा आणि बाहेरूनही. भोक थोडं मोठं करून तिच्या मापाचे आटे मारायचे आणि ती फिरवत आत बसवायची. गिअरबॉक्सच्या बोल्टाला मिस्त्री तीच वापरतात. पण प्लग सारखा काढघाल होणारा, एखाद दिवशी प्लगला चिकटून कॉइलही फिरून बाहेर येते. तिसरी वाट, बुश.

"पितळंचं करू," मिस्त्री म्हणाले. "पोलाद नको."

का, हे त्यांनी सांगितलं नाही, मी नंतर आकडे पाहिले. तापल्यावर पितळ पोलादापेक्षा पुष्कळ जास्त फुगतं, ॲल्युमिनियमच्या जवळ जातं. हेड फुगलं तर बुशही मागोमाग फुगतो, सैल पडत नाही. पितळ उष्णताही लवकर वाहून नेतं, आणि प्लगची बरीचशी उष्णता आट्यांतून आणि वॉशरखालच्या बैठकीतूनच हेडमध्ये जात असते. मिस्त्रींना हे आकड्यांनी माहीत नसेल. हाताखालून गेलेल्या हेडांनी माहीत होतं.

इथं एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर या कामातलं दुखणं कळणार नाही. नवा आटा करायचा तर जुनं भोक आधी मोठं करावं लागतं. जखमी आटे काढावेच लागतात, आणि त्यांच्यासोबत चांगला धातूही. बुशाचं बाहेरचं माप 18 मिलिमीटर, पायरी दीड. म्हणजे त्यासाठी साडेसोळाचं ड्रिल. ड्रिल खाली आलं तेव्हा आप्पांनी खुर्चीचा हात धरला. हेडमधून पांढरे, मऊ, लांब कीस उठले. त्या किसात पन्नास वर्षांपूर्वीचे आटे होते, माझ्या हातचे वाकडे आणि त्यांनी राखलेले सरळ, सगळे एकात एक.

मग टॅप. टॅप सरळ चालला नाही तर सगळं फुकट. म्हणून मिस्त्रींनी गुण्या लावून दोन्ही बाजूंनी बघितला, एकदा उत्तरेकडून, एकदा पूर्वेकडून. मशीनवर न मारता हातानंच मारला. बाटलीतून रॉकेलचे चार थेंब. ॲल्युमिनियमला रॉकेल लागतं, नाहीतर ते टॅपच्या दातांना डकतं. बीड कोरडंच कातायचं, त्याची पूड होऊन पडते. पितळही कोरडंच. हे नियम या गल्लीत पोरांना कुणी शिकवत नाही, एखादा टॅप मोडला की कळतात. अर्धा फेरा पुढं, पाव फेरा मागं. पुढं गेलं की कीस कापला जातो, मागं आलं की तुटतो. मागं आला नाही तर कीस भोकात गोळा होतो आणि टॅप अडकून मोडतो. मोडलेला टॅप काढणं हे या धंद्यातलं सगळ्यात वाईट काम, कारण टॅपचं पोलाद ड्रिलपेक्षा मऊ नसतं. पुढं, मागं, पुढं, मागं. दर खेपेला मागं येताना एक बारीक कट् आवाज. मला तो आवाज ऐकत बसावासा वाटत होता.

पितळी दांडा लेथवर चढला. पितळ कातताना कीस लांब निघत नाहीत, जिऱ्यासारखे बारीक दाणे उडतात, सोनेरी फवारा. मिस्त्रींच्या बनियनवर, भुवयांवर दाणे चमकत होते. बाहेर अठराचा आटा, आत चौदाचा. मध्ये उरलेल्या भिंतीची जाडी जेमतेम एक मिलिमीटर. वर एक पातळ कॉलर, प्लगचा वॉशर बसायला. त्यासाठी हेडच्या तोंडाशी तेवढीच गोल बैठक कातली. आतल्या बाजूला बुश अजिबात बाहेर डोकवायला नको. स्फोटाच्या पोकळीत पितळेची धार उघडी राहिली तर ती निखाऱ्यासारखी लाल होते आणि ठिणगी पडण्याआधीच पेट्रोल पेटवते. मिस्त्रींनी तो आतून बोटानं चाचपला, कानशीचे दोन हात मारले, परत चाचपला. मग बुश पक्का आवळून आतल्या बाजूनं पंचनं सांध्यावर तीन ठिपके मारले. एवढ्यावर तो बुश आता हेडचा.

प्लगच्या मापाबद्दल मला जुनं कुतूहल आहे. एके काळी प्रत्येक कारखान्याचा आटा वेगळा असायचा. एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टावर चढायचा नाही. लंडनला हेन्री मॉडस्ली यांच्या कारखान्यात अचूक आटे कातणारी लेथ झाली, आणि त्यांच्याच हाताखाली काम केलेले जोसेफ व्हिटवर्थ यांनी 1841 साली सांगितलं की आट्याचा कोन सगळ्यांनी 55 अंश ठेवावा आणि कुठल्या जाडीला इंचात किती आटे तेही ठरवावं. युरोप मेट्रिकवर गेला, तिथं कोन 60 अंश. म्हणून आप्पांच्या एका बुलेटवाल्या मित्राचे पाने येझदीला कधी लागले नाहीत. बुलेट मूळची विलायती, इंचातली. येझदी मूळची झेक, मिलिमीटरमधली. पण प्लगचा आटा दोघींचाही 14 मिलिमीटरच. आणि आमच्या झेक गाडीतल्या त्या मेट्रिक प्लगच्या अंगाची लांबी 12.7 मिलिमीटर, म्हणजे बरोबर अर्धा इंच. एवढ्याशा वस्तूत दोन मापं शेजारी शेजारी नांदतात. मलकापूरच्या घाटात एखाद्या बुलेटवाल्यानं खिशातला प्लग काढून द्यावा आणि आप्पांची गाडी सुरू व्हावी, असं एकदा नव्हे, चार-पाचदा झालंय. त्या ओळखीतून पुढं लग्नाची आमंत्रणं आली आहेत.

हेड घरी आणून बसवलं. चारी नट तिरके-तिरके, थोडे थोडे करून आवळले. पडवीत पिवळा बल्ब होता. नवा प्लग पुड्यातून काढला आणि मी हात पुढं केला, मग थांबलो.

"तुम्ही लावा," म्हटलं.

आप्पांनी आपला हात बघितला. चहाचा कप धरला तरी बशीत सांडतो असा हात. "न्हाई जमायचं," म्हणाले. पण प्लग घेतला. मी खुर्ची गाडीला चिकटवली, गुडघा टेकून बसलो. टोक भोकावर टेकवायलाच तीन-चार वेळा चुकलं. पोलाद पितळेवर आपटून किणकिणत होतं. मला हात धरावासा वाटत होता, पण धरला नाही. मग टेकलं एकदाचं. टेकल्याबरोबर हाताची थरथर त्या बुशाच्या काठावर येऊन जरा निवली. त्यांनी डोळे मिटले आणि प्लग उलटा फिरवला. पाव फेरा, अर्धा फेरा. कापणाऱ्या बोटांमुळं तो हळूच हलत, डुलत फिरत होता.

टक्. मला ऐकू आलं, एवढं स्पष्ट. पितळेचा पहिला आटा आणि प्लगचा पहिला आटा एकमेकांच्या शेजारून निसटून जागेवर पडले होते.

"हां," आप्पा म्हणाले आणि सुलटा फिरवायला लागले. एक फेरा. दोन. कंपानं बोटं सुटायची, परत धरायचे. शेवटपर्यंत त्यांनी पान्याला हात लावला नाही. वॉशर टेकला तेव्हा माझ्याकडं पाना मागितला आणि परत माझ्याच हातात दिला. "अर्धा फेरा. नवीन वॉशर हाय म्हणून अर्धा. जुना असला तर टेकल्यावर नुसता जरासा. ह्येच्यापुढं न्हाई."

किक आणि गिअरची दांडी या गाडीत एकच असते, डावीकडं. मी किक मारली. चौथ्या किकेला पेटली. पडवीत धूर भरला, आई दारातून ओरडली, आप्पांनी इंजिनच्या आवाजाकडं कान लावला आणि हेडवर हात ठेवून बसले, तापेपर्यंत.

महिनाभर चालवली. कोल्हापूर ते गगनबावडा दोनदा, एकदा पावसात. कळ्याच्या पुढं त्या जागेवर थांबलो नाही. थांबून करायचं काय होतं? महिन्यानंतर मात्र प्लग काढून बघायची वेळ आली आणि रात्रभर मला धास्ती होती. बुश प्लगबरोबर फिरून बाहेर आला तर सगळं परत उद्यमनगरला. सकाळी सातला, इंजिन रात्रभर गार झालेलं असताना, पाना लावला. पहिला झटका, मग सैल. प्लग एकटाच वर आला. बॅटरीच्या उजेडात हेडच्या भोकाभोवती पितळेचं पिवळं कडं जागच्या जागी होतं, थोडं काळवंडलेलं.

आप्पा आतून म्हणाले, "फिरला का?"

"न्हाई."

"रंग कसा आलाय?"

मी प्लगचं टोक खिडकीकडं धरलं. काजळी नव्हती. पांढराही नव्हता.

"ग्लुकोज बिस्किटासारखा."

"मग पुस आन् लाव."